गाठींवरची अक्षरं

ये, अशी जवळ ये. कागदावरून बोलतेय म्हणून लांब बसायचं कारण नाही. आणि आधीच सांगते, तुझी ती एक सवय मला अजिबात आवडत नाही. फोन करतेस, ‘आजी, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, त्यात के पाहिजे आणि एन पाहिजे, पटकन सांग’ म्हणतेस. मी सांगितला की ‘थँक्यू’ म्हणून ठेवून देतेस. जेवलीस का, एवढं विचारायला मी तोंड उघडेपर्यंत तू गेलेली असतेस. मी काय पानवाला आहे, मागितलं की पुढं करायला? बरं, सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या म्हातारीला हे शब्द आले कुठून, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. तुझ्या आईलाही वाटलं नाही. तर आता न विचारता सांगते.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता, मुंबई राज्य होतं. नंदुरबार हा तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्याचे, पश्चिम खानदेशचे. स्टेशनाजवळ कापसाचं एक जिन होतं आणि त्याला लागून प्रेस. जिनात कापसातून सरकी निघायची, प्रेसमध्ये रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या. दिवाळी झाली की तापीकाठच्या गावांतून कापसाच्या गाड्या यायला लागायच्या, त्या थेट चैत्रापर्यंत. चार महिने आमच्या भाकरीतसुद्धा रुईचा तंतू निघायचा. प्रेसच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. भिंतीपलीकडे रेल्वेचं मालधक्क्याचं आवार आणि त्याच्या कडेला बाबू लोकांचे क्वार्टर.

माझे वडील प्रेसमध्ये मार्का मारायचे. म्हणजे असं, की गाठ बारदानात शिवून, लोखंडी पट्ट्या आवळून बाहेर आली की ती कुठल्या शेठची हे तिच्यावर लिहावं लागतं. प्रत्येक शेठची दोन-तीन इंग्रजी अक्षरं ठरलेली. पत्र्यात अक्षर कापून साचा करायचा, तो बारदानावर धरायचा आणि काजळीच्या काळ्या रंगाचा कुंचला वरून थोपटायचा. साचा उचलला की अक्षर उमटलेलं. साचे वडील स्वतः कापायचे. त्यांचा हात पत्र्याच्या कामाला फार छान. पण त्यांना इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. मराठी सही करायचे, तीही घाम पुसत.

मग ते अक्षरं ओळखायचे कशी? नावं ठेवून. एच म्हणजे शिडी. एस म्हणजे साप. ओ म्हणजे भाकर. वाय म्हणजे बेचकी. एम म्हणजे डोंगर. बी ला ते ‘दोन पोटांचा’ म्हणायचे आणि आर ला ‘पाय पुढं टाकेल’, म्हणजे पाय पुढे टाकलेला. प्रेसमधून हाक यायची, ‘साप-डोंगरवाल्यान्या चाळीस गाठी!’ की वडील बरोब्बर साचे उचलायचे. कधी चुकले नाहीत. मीही तेच शिकले. शाळा सातवीला संपली होती. इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं, आणि आठवीत मुलगी पाठवायची म्हणजे हायस्कूलात, मुलांमध्ये. ते आमच्याकडे कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मीही नाही.

आता खेळ कसा सुरू झाला ते. मी चौदा-पंधराची असेन. दुपारी भांडी घासून झाली की त्या मागच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसायचे आणि पलीकडे मालधक्क्यावर लोटत नेलेल्या गाठी वाचायचे. ‘शिडी, साप, भाकर. डोंगर, दोन पोटांचा.’ आमची आई खोलीतून ओरडायची, ‘काय बडबड करी ऱ्हायनी वं? भितडासंगे बोली ऱ्हायनी का?’

एक दिवस समोरच्या क्वार्टरात कपडे वाळत घालणारी बाई थांबली. मालबाबूंची, म्हणजे मालधक्क्याच्या कारकुनाची, बायको. नवीन आलेल्या होत्या, नाशिककडच्या. चोवीस-पंचवीस वय, पोरबाळ नव्हतं. मालबाबू दिवसभर वॅगनींमध्ये, आणि ह्यांना इथली बोली कळायची नाही, म्हणून शेजारणी दोन शब्द बोलून निघून जायच्या.

‘काय गं, साप नि शिडी काय म्हणतेस? सापशिडी खेळतेस एकटीच?’

‘ते गाठीवर लिहिलंय, वहिनी.’

त्यांनी गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘अगं, ते एच आहे. आणि ते एस.’

आठ दिवसांत मला सगळ्या अक्षरांची खरी नावं आली. सगळ्या म्हणजे शेठ लोकांची होती तेवढ्यांची. क्यू आणि एक्स कुठल्याच शेठला नव्हती, ती वहिनींनी बोलूनच सांगितली.

वहिनी इंग्रजी सहावी शिकलेल्या. त्यांच्याकडे एक जाडा शब्दकोश होता, पुठ्ठा गेलेला. पुढची पानं कुठल्याशा बदलीत उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे तो बी पासूनच सुरू व्हायचा. माझंही इंग्रजी म्हणून बी पासूनच सुरू झालं. ए ने सुरू होणारे शब्द मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हते. ॲपल मला फार उशिरा भेटलं.

खेळ त्यांनीच काढला. वेळ जाईना म्हणून. मालधक्क्यावर जी गाठ समोर येईल तिच्यावरची अक्षरं घ्यायची. ती सगळी ज्यात आहेत असा शब्द सांगायचा. मागे-पुढे कशीही चालतील, पण सगळी हवीत. आधी कोश उघडायचा नाही, शब्द बोलल्यावरच पडताळायचा. आणि शब्दाचा अर्थ सांगता आला नाही तर तो शब्द बाद. सगळं तोंडी. त्या कपडे घड्या घालताहेत, मी भिंतीवर, आणि मधून गाठी चाललेल्या.

‘आर, टी, एन,’ त्या म्हणायच्या.

‘ट्रेन.’

‘ती तर समोरच उभी आहे. दुसरा.’

‘लँटर्न.’

‘हां. अजून.’

‘पार्टनर.’

‘कुठं ऐकलास गं हा?’

‘जिनाच्या पाटीवर आहे. वाचला.’

‘अर्थ?’

‘दोन शेठ एका ओसरीवर बसून भांडतात ते.’

त्या इतक्या हसल्या की हातातली घडी सुटली. शब्द धरला.

सुरुवातीला मी रोज हरायची. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वहिनी आधी शब्द आठवायच्या आणि मग त्यात अक्षरं आहेत का बघायच्या. मी उलटं करायची. मला शब्द येतच नव्हते, अक्षरंच येत होती. मी अक्षरं डोळ्यांपुढं साच्यांसारखी मांडायची आणि मधल्या जागा भरत बसायची. के आणि बी आलं की बँक, बुक, बकेट, ब्लँकेट, बास्केट असे एकामागून एक यायचे. जो शब्द आज कोशातून ऐकला तो उद्या माझ्याकडून निघायचा. दुसऱ्या हंगामात त्या हरायला लागल्या. हरल्या की म्हणायच्या, ‘तुझ्या बापाच्या घरची अक्षरं, तुझंच चालायचं.’

एकदा मालबाबू दुपारी जेवायला आले. आमचं चाललेलं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, ‘एवढ्या शब्दांचं करणार काय तुम्ही दोघी?’ वहिनी म्हणाल्या, ‘मी काही नाही. ती करील.’ मला त्याचं काही विशेष वाटलं नाही तेव्हा. मी पुढच्या गाठीची वाट बघत होते.

त्याच हंगामात माझं लग्न ठरत आलं. तापीकाठच्या एका गावचं स्थळ होतं. केळीची बाग, घरात म्हशी, नाव ठेवायला जागा नाही. मुलाची आई एकदा येऊन मला चालायला लावून, पाणी आणायला लावून गेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होकार द्यायचा असं ठरलं. आपल्याकडे आखाजीचं महत्त्व तुला माहीत आहे. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरच्या बोलण्या पक्क्या होतात.

माझी ना नव्हती, असं मी तुला खोटं सांगणार नाही. माझी ना होती. स्थळ वाईट होतं म्हणून नाही. मला कुठेतरी जाऊन त्या शब्दांनी काही काम करून बघायचं होतं, बस. काय काम, ते माहीत नव्हतं. ते वहिनींनी आणलं. मालबाबूंच्या हातात एक कागद आला होता. लाईनीवरच्या एका दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगला मुली घेणार होते. सातवी पास पाहिजे, आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावं.

आईने ऐकल्याबरोबर हात झटकले. ‘लोकेसना घाण काढाले पोर धाडू का?’

वडील दोन दिवस साचे कापत राहिले. तिसऱ्या दिवशी हातावरचा काळा रंग रॉकेलने पुसता पुसता म्हणाले, ‘एक डाव जाऊ. घीधं ते घीधं. नही ते आखाजीले होकार दी टाकसूत. मंग रडानं नही.’

मी म्हटलं, ‘रडाव नही.’

तर गोष्ट अशी उभी होती. फाल्गुन लागलेला, आखाजीला दोन महिने, आणि जायचं एकदाच. घेतलं तर घेतलं, नाहीतर होकार.

त्या दिवसांत खेळ बदलला. वहिनी आता गाठी बघत नव्हत्या. त्या दवाखान्यातले शब्द धरायच्या. पेशंट, वॉर्ड, बँडेज, सिरिंज. ‘एच, एस, पी,’ म्हणायच्या, आणि मी शिप म्हटलं की डोळे वटारायच्या. ‘बोटीत नाही जायचंय तुला. हॉस्पिटल म्हण.’ मी रात्रंदिवस पुटपुटत होते. प्रेसमधले कागदाचे खराब झालेले लेबलचे तुकडे वडील आणून द्यायचे, त्याच्या पाठीवर मी शब्द लिहून काढायची. लिहून झालं की चुलीत. कुणाला दाखवायचं असतं हे मला सुचलं नाही आणि वहिनींनी कधी मागितलं नाही, कारण आमचं सगळं तोंडीच होतं. त्या समजल्या की हिला लिहिता येतं. मीही तसंच समजले.

वडील आणि मी सकाळच्या गाडीने गेलो. दवाखाना लहानच होता. कौलारू ओसरी, दोन वॉर्ड, मागे विहीर. डॉक्टरीणबाई उंच, पांढरं पातळ, केसांत थोडं पांढरं. बोलणं तोललेलं. दुसरी एक मोठी नर्स शेजारी बसलेली. वडिलांना ओसरीवर थांबायला सांगितलं.

वाचायला दिलं ते मी वाचलं. अडखळत, पण वाचलं. मग बाईंनी कागद-पेन्सिल पुढे केली. ‘तुझं नाव लिही, गावाचं लिही, आणि मी सांगते ते सहा शब्द लिही.’

मी लिहिलं. मन लावून, मोठ्या अक्षरांत. बाईंनी कागद घेतला, जरा लांब धरला, मग मोठ्या नर्सकडे सरकवला.

‘ही अक्षरं अशी तोडलीस का?’

‘कशी, बाई?’

‘हा ओ बघ. वर एक फट, खाली एक फट. दोन कंस आहेत नुसते. ए मध्ये फट, आर मध्ये फट, डी मध्ये फट. सगळीकडे.’

मला प्रश्नच कळला नाही. मी जे खरं होतं ते सांगितलं. ‘बाई, फट नाही ठेवली तर मधला तुकडा पडून जातो.’

दोघी पुन्हा कागदावर वाकल्या.

तुला कळतंय ना? पत्र्यात पूर्ण गोल कापला तर मधली चकती निसटून खाली पडते. म्हणून साच्यात दोन बारीक पट्ट्या सोडतात, मधल्याला धरून ठेवायला. बारदानावर तिथे रंग लागत नाही, फट राहते. मी जन्मात ओ पाहिला तो तसाच. वहिनींच्या कोशात तो भरलेला असायचा, ते मला दिसत होतं. पण मला वाटायचं छापखान्यात फटी बुजवत असतील, शाई पसरत असेल. माणसाने हाताने लिहायचं तर फट ठेवूनच.

मी ते सगळं सांगितलं. मोठी नर्स तोंडावर पदर धरून हसली. वाईट नाही हसली, पण हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘लहान अक्षरं? जोडून लिहिता येतं?’

‘वाचता येतात. लिहिली नाहीत कधी.’

‘मग ट्रेनिंगला कशी घेऊ? लेक्चर ऐकून उतरवून घ्यावं लागतं. एकेक अक्षर असं कोरत बसलीस तर पेशंट वाट बघेल का?’

झालं. एवढंच. मी बाहेर आले. वडिलांनी तोंडाकडे बघितलं. परतीची गाडी दुपारी होती. ते विहिरीकडे पाणी प्यायला गेले, मी ओसरीच्या टोकाला बसले. मला त्या क्षणी रडू आलं नव्हतं. मी केळीच्या बागेचा विचार करत होते. म्हशींना कोण पाणी दाखवत असेल, असं काहीतरी.

ओसरीवर कंपाउंडर बाटल्या मांडून बसला होता. पन्नास-साठ बाटल्या, तपकिरी काचेच्या. औषधांच्या कपाटात झुरळं झाली होती आणि त्यांनी लेबलांखालची खळ खाल्ली होती. लेबलं सुटलेली, अर्धी कुरतडलेली. कुठे पहिली दोन अक्षरं उरलेली, कुठे मधली तीन. त्याच्याजवळ एका वहीत सगळ्या औषधांची यादी होती. तो एक बाटली उचले, यादीवरून वर-खाली बोट फिरवी, आणि कपाळाला हात लावी.

मी जरा वेळ पाहिलं. मग राहवलं नाही. ‘दादा, त्या बाटलीवर काय उरलंय?’

‘एन, सी. आणि हा बहुतेक झेड.’

‘झिंक असलेलं काही आहे का यादीत?’

त्याने पाहिलं. होतं. त्याने मान वर करून मला पाहिलं आणि दुसरी बाटली उचलली. मग तो अक्षरं सांगत गेला, मी यादीवर नजर टाकून नाव दाखवत गेले. ती नावं धड वाचता येत नव्हती मला, अर्थ तर एकाचाही माहीत नव्हता. पण अक्षरं कुठल्या शब्दात बसतात ते दिसत होतं. अर्ध्या तासात वीसेक बाटल्या लागल्या. तो खूश होऊन म्हणाला, ‘वहिनी की ताई, काय म्हणू तुम्हाला? सकाळपासून चार झाल्या होत्या माझ्या.’

मला वाटलं, आता बाई बाहेर याव्यात. आणि त्या आल्याच.

कंपाउंडरने मोठ्या हौसेने सांगितलं. बाईंनी एक बाटली उचलली. ‘हिच्यावर काय उरलं होतं?’

‘टी, आर, एन,’ मी म्हटलं. माझं घरचंच त्रिकूट.

‘ही तीन अक्षरं असलेले शब्द तुला किती येतात?’

‘अकरा येतात, बाई. आठवले तर जास्तच.’ मी छाती काढून सांगितलं.

‘आणि ह्या यादीत किती औषधं आहेत तशी?’

मी यादी पाहिली. दोन होती. मी एकावर बोट ठेवलं होतं, कारण ते आधी दिसलं.

‘दुसरं वेगळ्या मापाने देतात,’ बाई म्हणाल्या. ‘ह्यातलं कुठलं हे तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही. उद्या एखाद्या लेकराला पाजलं असतं.’ आणि कंपाउंडरला म्हणाल्या, ‘ज्यांची नावं पुरी नाहीत त्या सगळ्या ओता. विहिरीपासून लांब खड्डा करून ओता. तुला किती वेळा सांगितलं, इथे अंदाज चालत नाही.’

सगळ्या बाटल्या ओतल्या. माझ्या वीसच्या वीस. त्यातल्या अठरा तरी मी बरोबर ओळखल्या असतील, असं मला अजून वाटतं. पण कुठल्या दोन चुकल्या हे कुणाला सांगता आलं नसतं, हेही खरं.

वडील एव्हाना विहिरीकडून येऊन उभे होते. त्यांना औषधाचं कळलं नसावं, पण फेकलेलं कळलं. ते पुढे झाले आणि म्हणाले, ‘बाईसाहेब, कागद चिकटाडाच कशाले? काचवर डायरेक रंग मारा. मी साचा कापी दिसू. झुरळ काय, पानी बी पुसाव नही.’

बाईंना बोली अर्धीच कळली. मी सांगितली, साचा कापून देईन म्हणतात. त्यांनी वडिलांना विचारलं, ‘तुम्ही हिला अक्षरं शिकवली?’

‘नही. माले एक बी येत नही. मी फक्त साचा कापस.’

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग खोलीत जाऊन माझा तो कागद घेऊन आल्या. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर धरला आणि कंपाउंडरला म्हणाल्या, ‘वाच.’ त्याने तिथूनच सहाही शब्द वाचले. मग आपल्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी धरली. ती त्याला वाचता आली नाही. मला वाटतं ती जवळूनही कुणाला आली नसती.

‘ट्रेनिंगला मी हिला घेत नाही,’ त्या वडिलांना म्हणाल्या. ‘तो नियमच आहे. पण स्टोअरला ठेवते. बाटल्या, चादरी, ब्लँकेटं, सगळ्यांवर नावं घालायची आहेत. तीन महिने. पुढचं पुढे.’ आणि माझ्याकडे वळून, ‘समोर लिहिलेलं असेल तेच उतरवायचं. डोक्यातला शब्द घालायचा नाही. जमेल?’

मी हो म्हटलं. त्या दिवशी तरी मला ते जमेल की नाही याची खात्री नव्हती.

आता घरी काय झालं ते ऐक. आई म्हणाली, हे ठरलेलं नव्हतं. नर्स होणार असती तर चार लोकांत सांगता आलं असतं. बाटल्या रंगवायला पोर कोण पाठवतं? आणि ती चूक बोलत नव्हती. ‘घीधं ते घीधं’ असं वडील म्हणाले होते, पण मला घेतलं होतं की नव्हतं घेतलं? ट्रेनिंगला नव्हतं, हे तर बाईंनी तोंडावर सांगितलेलं. वडीलही अडकले. वहिनी मध्ये पडायला आल्या, तर आईने त्यांना चहा दिला आणि विषय काढूच दिला नाही.

आखाजी आली. मुलाची आई आली, आंब्यांची टोपली घेऊन. दारापुढच्या कडुनिंबाला झोका बांधला होता, आसपासच्या पोरी गाणी म्हणत होत्या. मी पाणी नेऊन दिलं. तिच्या कानावर सगळं गेलेलं होतंच.

‘का वं, बाटल्या धुवाले जाशी म्हणे?’

‘धुवाले नही. नावं लिखाले.’

‘लिखीसन काय व्हस?’

‘कोनती बाटली कशानी शे ते समजस.’

‘आन आमना घर काय लिखशी? म्हशीवर नाव?’

बायका हसल्या. मलाही हसू आलं. ती बाई तशी मजेशीर होती, तिच्या घरी मी वाईट नांदले नसते. आई दाराशी उभी होती, वडील ओसरीवर, आणि दोघं एकमेकांकडे बघत होते, कुणी आधी बोलावं म्हणून. तेव्हा मीच म्हटलं, ‘आत्याबाई, मी तठे जासू. तुमी दुसरी पोर दखा.’

एवढंच बोलले. फार मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नाही. ती बाई उठली. आंबे मात्र परत नेले नाहीत. आई महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पत्रा आणला आणि लहान आकाराचे साचे कापायला बसले, बाटलीच्या गोलाईला लावता येतील असे वाकवून. त्या वाकवण्याचा त्यांना फार त्रास झाला, दोनदा बोट कापलं.

मी गेले. तीन महिन्यांचे सहा झाले, मग वर्ष, मग मी मोजायचं सोडलं. नर्स मी झाले नाही. जोडून लिहायला शिकले, लहान अक्षरं शिकले, फटी बुजवल्या, तरी ट्रेनिंगला परत विचारलं नाही. स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या त्या रिटायर होईपर्यंत राहिल्या. लग्न पाच-सहा वर्षांनी झालं, ती गोष्ट तुझ्या आजोबांनी सांगायची होती, ते सांगून गेले नाहीत. वहिनींची बदली त्याच पावसाळ्याआधी झाली. कोश मला देऊन गेल्या. दोन पत्रं आली, मग मालबाबूंची पुन्हा बदली झाली असेल. पुढचं मला माहीत नाही.

स्टोअरच्या कामात एक मात्र झालं. पहिल्या वर्षी बाटली हातात घेतली की डोक्यात आपोआप शब्द जुळायला लागायचे, अर्धं वाचलं की पुढचं मीच भरायची. ते मोडायला मला फार वेळ लागला. शेवटी मी नाव उलटं वाचायची सवय लावली, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. तसं वाचलं की अंदाज करता येत नाही, जे आहे तेच दिसतं. ट्रेनिंगच्या पोरी मला हसायच्या. पण माझ्या हातून चुकीची बाटली वॉर्डात गेली नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही. त्या कामाचं तेवढंच तर होतं.

आणि जे घर मी तेव्हा सोडून गेले, ते राहायला म्हणून मला पुन्हा कधी मिळालं नाही. पाहुणी म्हणून गेले, दोन दिवस, चार दिवस. आईने शेवटपर्यंत विचारलं नाही की तिकडे तू दिवसभर नेमकं काय करतेस. एकदा तिला दवाखान्यात आणायचं ठरवलं होतं, कपाट उघडून दाखवायचं होतं सगळं. आज-उद्या करता करता राहिलं. म्हणून तुला म्हणते, तू तशी लांबणीवर टाकू नकोस. दोन दिवस काढून ये. मिरच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, पडायच्या आधी ये म्हणजे झालं, नंतर सगळ्या गावाला शिंका लागतात आणि मग तू दारातूनच पळशील. गाडी कुठली धरतेस तेवढं कळव, मी कुणाला तरी स्टेशनावर पाठवीन. नाहीतर राहू दे, मीच येऊन उभी राहीन. ये लवकर.